एकतीस मार्च ते पंधरा जून

पुणे महापालिकेची सकाळच्या सत्रातली शाळा दुपारी सुटते. जनता वसाहतीत किंवा दांडेकर पुलाच्या वस्तीत राहणारी तिसरीतली मुलगी घरी येते, तेव्हा आई धुण्याभांड्याची चौथी-पाचवी घरं उरकत असते आणि बाप बिगारीवर नाहीतर रिक्षावर. आई परतेपर्यंत दिवेलागण होते. मधल्या पाच-सहा तासांत ही मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते आणि घरात मोबाइल असेल तर त्यात डोकं घालून बसते. आई ज्या फ्लॅटमध्ये कामाला जाते तिथल्या, हिच्याच वयाच्या मुलीचे हेच तास भरगच्च असतात. ट्यूशन, अबॅकस, भरतनाट्यम, पोहणं. एप्रिल लागला की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येतात आणि मे महिनाही बुक होतो. हे सगळं पालकांच्या खिशातून. वस्तीतल्या मुलीच्या या तासांचे पैसे कोण भरतं?

हक्काने भरणारं कुणीच नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा, शिक्षक, पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार या सगळ्यासाठी सरकारी लेखाशीर्षं आहेत. शाळाबाह्य मुलांच्या विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. पण जी मुलगी शाळेत जाते, पटावर आहे, फक्त तिला तिसरीत येऊनही जोडाक्षर वाचता येत नाही, तिच्या संध्याकाळसाठी आणि सुट्टीसाठी सरकारच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ सापडत नाही. म्हणून ते काम संस्था करतात आणि संस्था ते मागून आणलेल्या पैशावर करतात.

पुण्याला हे नवं नाही. गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी मागणं, तो मिळवणं आणि आटल्यावर हात चोळत बसणं, या तिन्हींचा दाखला या शहरात पावणेदोनशे वर्षं जुना आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही, हळूहळू वळवली. त्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दक्षिणेतला काही भाग मराठी पुस्तकांसाठी खर्च व्हावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी केला, तेव्हा पुण्यात एवढी खळबळ उडाली की अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुल्यांना माणसं घेऊन उभं राहावं लागलं. पुढे त्याच दक्षिणा निधीतून फुल्यांच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मिळू लागले. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांना शिकायला सवड कधी असते, हे ओळखून ठरवलेली ती वेळ होती. मग १८५७ चा उठाव झाला, युरोपीय देणगीदारांचे हात आखडले आणि या शाळांचं आर्थिक बळच गेलं. त्यात शिकवण्याचा काही दोष नव्हता.

याच फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवलं त्यात प्राथमिक शिक्षकाचा पगार किमान १२ रुपये असावा, मोठ्या गावात त्याहून जास्त, असं स्पष्ट मांडलं होतं. इमारतींपेक्षा माणसाच्या पगाराची त्यांना जास्त काळजी होती. आज कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या, म्हणजे सीएसआरच्या, मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाने तो परिच्छेद वाचावा, असं मला फार वाटतं.

आता आजच्या पुण्याकडे येऊ. पालकनीती परिवाराचं खेळघर १९९६ पासून कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांबरोबर काम करतं. शुभदा जोशींनी सुरू केलेल्या या कामात गृहपाठ उरकून घेणं हा हेतू नाही. खेळ, गप्पा, चित्रं, भाषा आणि गणित यांतून मूल स्वतः विचार करायला लागावं, हा आहे. डोअर स्टेप स्कूल ही रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली संस्था. पुण्यात ती बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ओळखली जाते. साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये भरणारे वर्ग आणि जिथे शेडही मिळत नाही तिथे उभी राहणारी वर्गाची बस, हे त्यांचं काम. वंचित विकासचे अभिरुची वर्ग वस्त्यांमध्ये चालत आले. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनाने शोभा भागवतांच्या नेतृत्वाखाली संध्याकाळचं मुक्त खेळणं हीच एक शिक्षणपद्धती मानली. तिथली बरीच मुलं मध्यमवर्गातली, पण शहराला ‘शाळेनंतरचा वेळ’ या गोष्टीकडे गंभीरपणे बघायला शिकवलं ते बालभवनाने.

आकांक्षा फाउंडेशनची गोष्ट जरा वेगळी आहे. शाहीन मिस्त्रींनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत शाळेनंतरची केंद्रं सुरू केली, मग पुण्यात आणली. पण दिवसाचे दोन-अडीच तास पुरत नाहीत हे पुढे लक्षात येत गेलं. २००७ पासून संस्था महापालिकेबरोबर भागीदारीत पूर्ण शाळाच चालवायला लागली आणि केंद्रं मागे पडत गेली. पुण्यातल्या शाळांना अनू आगांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या थरमॅक्सच्या सामाजिक प्रतिष्ठानाचा भक्कम आधार मिळाला. शाळा म्हटली की इमारत, पट आणि निकाल दाखवता येतात. संध्याकाळच्या वर्गाजवळ दाखवायला फार काही नसतं.

वर्गाला खर्च किती येतो ते एकदा समोर मांडून बघू. हा उदाहरणादाखलचा हिशेब आहे, कुठल्या एका संस्थेचा नाही. एका वस्तीत ३० मुलं, पहिली ते चौथी. वर्ग घेणाऱ्या दोघी ताई, शक्यतो त्याच वस्तीतल्या, बारावी किंवा बीए झालेल्या. रोज अडीच तास वर्ग, शिवाय घरभेटी. मानधन प्रत्येकी महिना ८,००० धरलं तर वर्षाचे १,९२,०००. दहा बाय बाराची खोली, भाडं महिना ४,०००, म्हणजे ४८,०००. खाऊ रोज मुलामागे १० रुपये, वर्षातले २४० दिवस, झाले ७२,०००. पुस्तकं, अक्षरकार्डं, मणी, रंग, कागद २५,०००. पाच वर्गांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षक ताईच्या पगारातला या वर्गाचा वाटा ५०,०००. ताईंच्या प्रशिक्षणाचे १५,०००. सहल आणि मे महिन्यातलं शिबिर ३०,०००. ऑडिट, हिशेबनीस, वीजबिल, रिक्षाभाडं मिळून १८,०००. एकूण साडेचार लाख. मुलामागे वर्षाला १५,०००, दिवसाला साधारण साठ-बासष्ट रुपये.

हा हिशेब प्रपोजल म्हणून कंपनीकडे गेला की काय होतं, ते या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. पुस्तकं आणि रंग लगेच मान्य. शिबिराला कंपनीचा बॅनर लागणार असेल तर तेही मान्य, वर टी-शर्ट मिळतील. खाऊवर प्रश्नचिन्ह येतं: ‘शिक्षणाच्या प्रकल्पात हा हेड कसा?’ मानधनावर पेन थांबतं. पर्यवेक्षक आणि हिशेबनीस यांच्या नावापुढे ‘अ‍ॅडमिन’ लिहून गोल काढला जातो. त्याऐवजी वीस टॅब देऊ का, अशी विचारणा होते. टॅब मोजता येतात, त्यांचं वाटप होतं, फोटो निघतो. पण साडेचार लाखांतले निम्म्याहून जास्त पैसे ज्या दोन-तीन बायकांवर खर्च होतात, त्याच वर्ग चालवतात. त्या नसतील तर टॅब कुलपात राहतात.

यात एक कायद्याचा गैरसमज आहे आणि तो इतका पक्का बसलाय की त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार जी कंपनी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठते, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. बहुतेक कंपन्यांचे अधिकारी हीच मर्यादा संस्थेच्या प्रपोजलला लावतात. खरं तर हे पाच टक्के कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी आहेत. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असं २०२१ च्या दुरुस्त नियमांच्या व्याख्येतच लिहिलंय. म्हणजे वर्ग घेणाऱ्या ताईचं मानधन आणि पर्यवेक्षकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. संस्थांनी हे मीटिंगमध्ये नियमाची प्रत पुढे करून सांगायला हवं. त्या सांगत नाहीत, कारण देणाऱ्याशी हुज्जत कोण घालणार.

दुसरा घोळ कॅलेंडरचा. त्याचे चटके संस्थांपेक्षा मुलांना जास्त बसतात.

कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या तारखेला संस्थेचा करार संपतो. मग यूसी, म्हणजे निधी कुठे वापरला त्याचं सीएकडून घेतलेलं प्रमाणपत्र, जायचं असतं. फोटो, अहवाल, चाचण्यांचे आकडे जायचे असतात. कंपनीचे ताळेबंद मे महिन्यात बाहेर येतात, मग नव्या वर्षाचे दोन टक्के किती हे ठरतं, समितीची बैठक होते, संचालक मंडळ आराखडा मंजूर करतं. करारावर सह्या होऊन पहिला हप्ता हातात यायला बहुतेकदा जुलै-ऑगस्ट उजाडतो, कधी गणपतीही उलटून जातात.

आता मुलांचं वर्ष बघा. एप्रिलमध्ये परीक्षा, १ मेला महाराष्ट्र दिनी निकाल, मग सुट्टी, आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे वर्षातला सगळ्यात लांब रिकामा काळ, ज्यात शाळा नाही, पोषण आहार नाही, घरात मोठं कुणी नाही, तो नेमका दोन करारांच्या मधल्या फटीत पडतो. ज्या वर्गाची सगळ्यात जास्त गरज मे महिन्यात, त्याच्या खात्यात मे महिन्यात शिल्लक शून्य. ताईंना ‘दोन महिने सुट्टी घ्या, जूनमध्ये कळवतो’ असं सांगितलं जातं. दोघींपैकी एक तोवर डी-मार्टमध्ये किंवा एखाद्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर लागलेली असते. वर्ग पुन्हा सुरू होताना नवी ताई येते, तिला नव्याने शिकवावं लागतं, मुलांना तिची नव्याने सवय व्हावी लागते.

सुट्टीत मुलं खरोखर मागे पडतात का? अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९८२ मध्ये पहिलीत गेलेल्या मुलांचा कार्ल अलेक्झांडर, डॉरिस एन्टविसल आणि लिंडा ओल्सन या समाजशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. शाळेच्या महिन्यांत गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळपास सारखीच पुढे जातात, फरक वाढतो तो सुट्टीत, असं त्यांना दिसलं. त्यांनी याला नळाची उपमा दिली: शाळा चालू असताना नळ सगळ्यांच्या घरी सुरू, सुट्टीत तो फक्त काहींच्या घरी. पुण्यात पाण्याच्या वेळा आणि टाक्या ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अलीकडे काही संशोधकांनी त्या जुन्या चाचण्यांच्या मोजणीवर शंका घेतली आहे आणि सुट्टीतली घसरण दरवेळी तितकी मोठी दिसत नाही, असं दाखवलंय. तेव्हा बाल्टिमोरचे आकडे जसेच्या तसे लक्ष्मीनगरला लावू नयेत. पण आपल्याकडे याची वेगळी मोजणी करण्याची सोयच नाही, कारण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारा, २००५ पासून निघणारा ‘असर’ अहवाल ग्रामीण भागाचा आहे. २०२४ च्या ‘असर’मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. पुण्यातल्या वस्त्यांचा असा आकडा दरवर्षी निघत नाही.

मोजणीवरून आणखी एक गोष्ट. देणगीदाराला बेसलाइन आणि एंडलाइन, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची चाचणी, हवी असते. निधी ऑगस्टमध्ये आला की बेसलाइन ऑगस्टमध्ये, आणि एंडलाइन फेब्रुवारी-मार्चमध्ये. सहा-सात महिन्यांत अक्षरओळखीपासून शब्द, शब्दांपासून परिच्छेद अशी प्रगती दिसते, आलेख चढतो, सगळे खूश. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच मुलांची चाचणी घेतली की काही जण एक पायरी खाली. मग ई-मेल येतो: ‘गेल्या वर्षीचं यश टिकलेलं का दिसत नाही?’ मधले महिने वर्ग बंद होता आणि तो का बंद होता, हे तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात लिहायला जागा नसते.

बांधकामाच्या साइटवर तर हे गणित आणखी विस्कटतं. मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून, अलीकडे छत्तीसगड, बिहार, बंगालमधून आलेली कुटुंबं स्लॅब पडला की दुसऱ्या साइटवर जातात. वाघोलीचं मूल महिन्याभरात बाणेरला. एंडलाइनला ते मूल ‘गळती’ म्हणून मोजलं जातं. वस्त्यांमधलीही बरीच मुलं मे महिन्यात गावी जातात, लग्नसराई असते, जत्रा असतात. त्यामुळे उन्हाळी वर्गात तीसपैकी पंधराच मुलं राहतात आणि मुलामागचा खर्च दुप्पट दिसतो. राहिलेली पंधरा म्हणजे बहुधा ज्यांना गावच उरलेलं नाही, किंवा ज्यांच्या आयांना सुट्टी मिळत नाही, अशी. खर्च करायचाच तर यांच्यावर करावा, असं माझं मत.

कमी पैशात काम होतं का, याचं उत्तर बऱ्याच अंशी मुंबईतून आलंय. युनिसेफच्या पाठबळावर १९९० च्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या ‘प्रथम’ने महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या. मुंबई आणि वडोदरा इथल्या या प्रयोगाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले आणि खर्च अगदी किरकोळ होता. बॅनर्जी आणि डुफ्लोंना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं तेव्हा बालसखीचा उल्लेख पुष्कळ झाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळवलेल्यातलं बरंचसं ओसरलं. एक वर्षाचा करार करून निघून जाणाऱ्यांनी दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत.

२०२२ च्या उन्हाळ्यात राज्य सरकारने ‘प्रथम’च्या सोबतीने ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान घेतलं. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले, त्यांना कृतींची कार्डं दिली, सुरुवातीला आणि शेवटी शाळेत मेळावा. मे महिन्यात घरच्या घरी डाळी-तांदूळ वर्गीकरण, गोष्टी, रेघोट्या. मानधन नाही, खोली नाही. गावात हे चांगलं चाललं. शहरात आईला दुपारी घरी बसायला वेळ असेल तर. दिल्लीत २०१८ मध्ये ‘मिशन बुनियाद’ने सरकारी शाळाच उन्हाळ्यात उघड्या ठेवल्या आणि शिक्षकांकडूनच वाचन-गणिताचे वर्ग घेतले. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर इमारती आणि माणसं दोन्ही आहेत.

बाहेरच्या देशांत या वेळेसाठी वेगळा निधी असतो. अमेरिकेत शाळेआधी, शाळेनंतर आणि उन्हाळ्यात चालणाऱ्या केंद्रांसाठी केंद्र सरकार दरवर्षी सुमारे १३० कोटी डॉलर राज्यांना देतं आणि राज्यं स्पर्धेने अनुदान वाटतात, सहसा काही वर्षांसाठी. तिथेही सगळं आलबेल नाही. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हा निधी ऐन उन्हाळ्यात अडवून धरला आणि ओरड झाल्यावर काही आठवड्यांनी सोडला. इंग्लंडने २०२१ पासून मोफत जेवणास पात्र मुलांसाठी ईस्टर, उन्हाळा आणि नाताळच्या सुट्टीत उपक्रमांची योजना देशभर नेली. त्यात रोज एक वेळचं जेवण देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे १० रुपयांच्या खाऊवर आक्षेप घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

परदेशातल्या पुणेकरांकडून थोडीबहुत मदत येत असे, अजूनही येते, पण वाट अरुंद झाली आहे. विदेशी देणगी नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये बदल झाला. एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि पहिलं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडणं सक्तीचं झालं. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था अमेरिकेतून आलेल्या पैशातले दोन लाख येरवड्यातल्या एखाद्या लहान गटाला देऊ शकायची. तो रस्ता बंद. सीएसआरसाठीही संस्थेकडे आयकराच्या १२-अ आणि ८०-जी नोंदण्या, कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. त्यामुळे वस्तीतल्या चार जणींनी स्वतःहून वर्ग काढला तर पहिली तीन वर्षं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर काढायची. कागदपत्रं पुरी असलेल्या मोठ्या संस्थाच मग पुन्हापुन्हा निधी मिळवतात. महाराष्ट्र सीएसआर खर्चात देशात वर्षानुवर्षं अव्वल आहे, कारखाने पुण्याभोवती आहेत, पण म्हणून तो पैसा वस्तीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पोचतो, असं नाही.

एक मोठी रक्कम मात्र सरकारकडेच पडून असते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो. पुण्यासारख्या शहरात, जिथे दर महिन्याला नवे टॉवर उठतात, हा पैसा किती असेल याचा अंदाज बांधता येईल. त्यातून नोंदणीकृत कामगाराच्या पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये शैक्षणिक सहाय्य मिळतं. त्यासाठी कामगाराची नोंदणी हवी, नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि तो देताना मुकादम आणि ठेकेदार हात वर करतात. सहाय्य कुटुंबाच्या खात्यात जातं, तेही बरोबरच. पण त्याच उपकरातून साइटवर संध्याकाळचा वर्ग आणि पाळणाघर थेट चालवलं, तर आईलाही डोक्यावरचं ओझं उतरवताना मूल कुठे आहे हे ठाऊक असेल.

महापालिकेकडे पैशापेक्षा मोलाची गोष्ट आहे: जागा. समाजमंदिरं, अभ्यासिका, विरंगुळा केंद्रं, दुपारनंतर रिकाम्या राहणाऱ्या शाळांच्या खोल्या. वरच्या हिशेबातले ४८,००० रुपये भाडं एका परवानगीने वाचतं. परवानगी कोण देणार, किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार आणि रखवालदाराला थांबायला कोण सांगणार, या चार प्रश्नांत संस्थांचे महिने जातात. नगरसेवकांच्या, प्रभागातल्या कामांसाठी असलेल्या ‘स’ यादीतून गल्लीत बाकडी आणि कमानी येतात, कारण त्यांवर नाव लिहिता येतं. त्याच यादीत एखाद्या समाजमंदिरातल्या वर्गाचं वीजबिल घातलेलं माझ्या पाहण्यात नाही.

कॅलेंडरच्या घोळावरही उपाय आहे: तीन वर्षांच्या कराराला कायद्याची आडकाठी नाही. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केलेलं काम सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालू शकतं, आणि ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘काहीतरी पटकन खर्च करा’ म्हणून येणारे फोन त्यामुळे टाळता येतात. करारात एक कलम घालून घ्यावं, की एप्रिल ते मध्य जूनचं मानधन आणि भाडं मागच्या वर्षाच्या शेवटच्या हप्त्यातच येईल. वरच्या उदाहरणात हे अडीच महिन्यांचे ५०,००० होतात: मानधनाचे चाळीस, खोलीचे दहा.

कंपनीने हे नाकारलं तर हे पन्नास हजार शंभर माणसांकडून पाचशे-पाचशे करून जमवता येतात. त्यात आता एक अडचण आहे. २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते आणि तीत ८०-जीची वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये पावतीसाठी येणारे देणगीदार कमी झाले आहेत. तरी वैयक्तिक देणगीचा एक फायदा कुठल्याच कंपनीच्या निधीला नाही. ती कुठल्या हेडवर खर्च करायची, हे सहसा कुणी विचारत नाही. ज्या संस्थांनी असे लोक महिन्याच्या महिन्याला जोडून ठेवलेत, त्यांना मे महिन्यात ताईंना घरी पाठवावं लागत नाही.